पाणी तपासायची पेटी: दहा घरांत मिळून घ्या, एकट्याने नको

विहिरीचं आणि बोअरचं पाणी जागेवर तपासायची पेटी आता सहज मागवता येते. छोट्या सुटकेसएवढी प्लास्टिकची पेटी, आत फोमच्या खाचांत बसवलेल्या थेंब-शिश्या, तीन-चार परीक्षानळ्या, रंगांचं कार्ड आणि जंतूंसाठी वेगळ्या कुप्या. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना जी पेटी वापरायला शिकवायचं ठरलं, ती साधारण अशीच. बनवणारे बरेच आहेत, पण आतलं रसायनशास्त्र जवळपास एकच आहे. त्यामुळे इथे कोणत्या एका कंपनीचं कौतुक किंवा तक्रार नाही. कोणती चाचणी भरवशाची, कोणती दगा देते आणि का, एवढंच बघायचं आहे.

आधी मत सांगतो. पेटी घेण्यासारखी आहे, पण एका कुटुंबासाठी नाही. बहुतेक पेट्या शंभर चाचण्यांच्या असतात आणि आतली रसायनं साधारण वर्षभरात उतरतात. एका घरची एक बोअर वर्षातून दोनदा तपासली, तर नव्वदहून जास्त चाचण्या फेकून द्याव्या लागतात. दहा-वीस घरांची सोसायटी, ग्रामपंचायत, शाळा किंवा शेजारशेजारचे संत्रा बागायतदार यांनी मिळून घेतली तर मात्र पैसा वसूल होतो. एकट्या घराने त्यापेक्षा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सार्वजनिक प्रयोगशाळा सामान्य लोकांचे नमुने माफक शुल्कात घेतात.

आता टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या पेनबद्दल, कारण पाण्याची चौकशी बहुतेकांकडे तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. काही शे रुपयांचं ते पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने त्याचा टीडीएस करून दाखवतं. क्षार एकूण किती, एवढंच त्याला कळतं. कोणते क्षार, ते कळत नाही. पश्चिम नागपूर, हिंगणा, काटोल हा सगळा काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा पट्टा. इथल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर, म्हणून पेन ६०० ते ८०० सहज दाखवतं आणि घरातली माणसं घाबरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. याउलट एखाद्या उथळ विहिरीत टीडीएस ४५० असेल आणि त्यात १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर पेन ‘छान पाणी’ म्हणेल, आणि तेच पाणी बाळाच्या दुधात घातलं तर घात होईल. जंतू तर पेनला दिसतच नाहीत.

आरओ विकायला येणारे काही जण दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात सोडून पाणी तपकिरी करून दाखवतात. तो गंज सळ्यांच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळी झिजते आणि गाळ वर येतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. पाण्यात विष आहे की नाही, याच्याशी त्या प्रयोगाचा काही संबंध नाही.

तर पेटीकडे. पेटीतल्या सगळ्या चाचण्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. पीएच, क्लोराइड, कठीणपणा आणि क्षारता यांनी पाण्याचा स्वभाव कळतो. नायट्रेट, फ्लोराइड, उरलेला क्लोरीन आणि जंतूंची कुपी यांनी आरोग्याचं कळतं. वेळ कमी असेल तर दुसरे चार करा.

यातली नायट्रेटची चाचणी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत फसवी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं, आणि या मर्यादेला मानकात सवलत नाही. खताचा निचरा, उकिरडा, गोठा आणि शोषखड्डा, ही त्याची नेहमीची मुळं. काटोल-नरखेडच्या बागांमधल्या विहिरी असोत की शहराच्या कडेच्या, गटार न पोचलेल्या लेआउटमधल्या बोअर असोत, ही चाचणी चुकवू नये.

कृती दिसायला सोपी आहे. नळीत ५ मिलीलिटर पाणी, त्यात पहिल्या शिशीचे सांगितलेले थेंब, मग इवल्या चमच्याने जस्ताची राखाडी भुकटी. बूच लावून पत्रकात दिलेल्या वेळेपुरतं हलवायचं, भुकटी खाली बसू द्यायची, दुसऱ्या शिशीचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून थांबायचं. पाण्यात गुलाबी झाक येते, मग ती गडद होत जाते. जस्त नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि रंग नायट्राइटला येतो. नेमकं इथेच चुकतं. कमी हलवलं तर सगळ्या नायट्रेटचं रूपांतर होत नाही. जास्त हलवलं किंवा भुकटी सढळ हाताने टाकली, तर जस्त नायट्राइटलाही पुढे अमोनियापर्यंत नेतं आणि रंग फिका पडतो. म्हणजे दोन्ही चुका आकडा खालीच ओढतात. वरून भुकटी ओल धरून गोळा झाली असेल तर ती कामच करत नाही. म्हणून फिका गुलाबी रंग दिसला की ‘पाणी चांगलं’ म्हणून मोकळं होऊ नये.

यावर उपाय बागायतदाराच्या कोठीतच आहे. ठिबकमधून सोडायचं १३:०:४५ हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यात १३ टक्के नत्र, म्हणजे नायट्रेट म्हणून साधारण ५७.५ टक्के. सराफाच्या किंवा चांगल्या डिजिटल काट्यावर १० ग्रॅम मोजा आणि एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातलं ८ मिलीलिटर सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने उचला आणि पुन्हा डिस्टिल्ड वॉटर घालून एक लिटर करा. हे झालं सुमारे ४६ मिलिग्रॅम नायट्रेटचं पाणी, अगदी मर्यादेच्या काठावरचं. पेटीने याला कार्डावरचा ४५ चा रंग दाखवला तर रसायन आणि हात दोन्ही ठीक. निम्माच रंग आला तर आधी हलवायची वेळ सुधारा, तरीही नाही जमलं तर शिशी बदला. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘पिऊ नये’ लिहा. पातळ केलेलं पाणी रोज ताजं करा, घट्ट द्रावण अंधारात काही आठवडे टिकतं. सोबत एक नळी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची लावा. तिला रंग आला तर नळी धुतलेली नाही किंवा रसायन नासलं आहे.

दुसरी खोच एककाची. काही पेट्यांच्या कार्डावर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून छापलेला असतो, काहींवर ‘नायट्रेट-नत्र’ म्हणून. दुसऱ्या प्रकारातल्या आकड्याला ४.४३ ने गुणावं लागतं. कार्डावर १० दिसलं आणि ते नत्र असलं, तर प्रत्यक्षात ते ४४ आहे, म्हणजे मर्यादेला टेकलेलं. गावाच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं १०-१२ लिहिलं जातं आणि सगळे निश्चिंत राहतात, असं यातूनच होऊ शकतं. पेटी घेतली की त्या कार्डावर एकक पेनाने ठळक लिहून ठेवा.

रंग कार्डाच्या शेवटच्या खान्याला पोचला तर आकडा त्याहून किती वर आहे ते कळत नाही. तेव्हा एक भाग पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर घेऊन पुन्हा करा आणि उत्तराला पाचने गुणा. आणि नायट्रेट जास्त निघालं तर पाणी उकळू नका. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते पाणी कोणत्याही रूपात देऊ नये, बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्याने घटते आणि बाळ निळसर पडतं.

फ्लोराइडची चाचणी खडकाप्रमाणे महत्त्वाची ठरते. नागपूर जिल्हा खडकांच्या सीमेवर बसला आहे. पश्चिमेला बेसाल्ट, कामठीकडे गोंडवाना वाळूखडक आणि पूर्वेला फार जुने ग्रॅनाइट-नाइस. फ्लोराइड असलेली खनिजं या शेवटच्या प्रकारात जास्त, म्हणून पूर्वेकडच्या खोल बोअरला ही चाचणी हवीच. मानकात १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी मुलांच्या दातांवर खडूसारखे आणि नंतर तपकिरी डाग, आणि प्रमाण फार असेल तर हाडं-सांधेही बिघडतात.

इथे रंग उलट चालतो, हे पहिल्यांदा करणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. रसायन मुळात गुलाबी-लाल असतं. पाण्यातलं फ्लोराइड त्यातला झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग पिवळ्याकडे सरकतो. म्हणजे गुलाबी चांगलं, पिवळं वाईट. रसायन मोजून पडलं नाही तर उत्तर सरळ चुकतं, कारण इथे रंग तयार होत नाही, असलेला रंग उडतो. दोन थेंब जास्त पडले की पाणी गुलाबीच राहतं आणि फ्लोराइड कमी दिसतं. शिशी सरळ उभी उलटी धरून थेंब पाडा. तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो. ५ मिलीलिटरची खूण डोळ्याच्या रेषेत आणून, पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा तळ बघून भरा.

या चाचणीला तापमानही बाधतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली बाटली आणि सावलीतलं रसायन यांत दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. दोन्ही एका खोलीत अर्धा तास ठेवा, मग करा. तुरटी फिरवलेलं पाणी घेऊ नका, ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि आकडा कमी येतो. क्लोरीन असलेलं नळाचं पाणीही रंग उडवतं, त्यामुळे तिथे उलट आकडा फुगतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १ आणि १.५ मधला फरक डोळ्याने ओळखणं कठीण आहे. ०.५ आणि २ मधला सहज कळतो. म्हणून नियम असा ठेवा: पेटीने १ किंवा त्यावर दाखवलं की प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेत पाठवा. या एका चाचणीसाठी पेटीला आम्ही ‘चाळणी म्हणून बरी’ यापेक्षा वरचा शेरा देणार नाही.

क्लोरीनची चाचणी करायला अर्धा मिनिट लागतं आणि ती रोज करण्यासारखी आहे. शहरात पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घालून येतं. नळाशी पोचेपर्यंत त्यातला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा. उरला नसेल तर वाटेत कुठेतरी तो खर्ची पडला आहे: फुटलेली पाइप, गळका जोड, टिल्लू पंपाने ओढून आत आलेलं गटाराचं पाणी, किंवा तुमच्याच गच्चीवरची न धुतलेली टाकी. म्हणून दोन ठिकाणी बघा, मीटरपाशी आणि स्वयंपाकघरात. मीटरपाशी आहे आणि स्वयंपाकघरात नाही, तर टाकी धुवा. दोन्हीकडे नाही, तर तक्रार नोंदवा.

स्वस्त पेट्यांत यासाठी ऑर्थोटोलिडीन देतात, पाणी पिवळं होतं. रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. पाच-दहा मिनिटांनी वाचला तर बांधलेला, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला कमजोर क्लोरीनही त्यात मोजला जातो आणि पाणी उगाच सुरक्षित वाटतं. लोह, मँगनीज आणि नायट्राइट यांनीही पिवळेपणा येतो. शिवाय हे रसायन अंगाला लागू देण्यासारखं नाही, कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला जातो. डीपीडी गोळ्यांची पेटी थोडी महाग पडते, पाणी गुलाबी करते आणि मुक्त क्लोरीन नेमका सांगते. निवड करता आली तर डीपीडीच घ्या.

आता जंतूंसाठीच्या, पाणी घाण असलं की काळ्या पडणाऱ्या कुपीबद्दल. ही पद्धत १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली आणि खेड्यातल्या चाचणीसाठी याहून सोपं साधन क्वचितच असेल. कुपीत रसायन लावलेली कागदाची घडी असते. खुणेपर्यंत, बहुतेक वेळा २० मिलीलिटर, पाणी भरायचं आणि ठेवून द्यायचं. विष्ठेतून येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो कुपीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी डांबरासारखं काळं पडतं. फार घाण असलेलं पाणी बारा-पंधरा तासांतच काळं होतं. बरं पाणी ४८ तासांनीही फिकट पिवळसर राहतं.

पण कुपीला ३० ते ३७ अंशांची ऊब लागते. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्याच्या बराच वर जातो आणि काही जिवाणू मरतातही. जानेवारीत रात्री घर इतकं गार पडतं की जिवाणू वाढतच नाहीत, आणि अठ्ठेचाळीस तासांनी स्वच्छ दिसणारी कुपी खोटं समाधान देते. हिवाळ्यात कुपी थर्मोकोलच्या डब्यात, कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा आणि बाटलीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. उन्हाळ्यात माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. डब्यात एक साधा थर्मामीटर टाकून ठेवला तर अंदाजाचं काम उरत नाही.

नळाचं क्लोरीनवालं पाणी कुपीत भरायचं असेल तर कुपीत थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन निकामी करणारं रसायन, आहे ना ते आधी पत्रकात बघा. नसेल तर क्लोरीन कुपीतच जंतू मारतो. बोअरचं पाणी काढल्या काढल्या सडक्या अंड्यासारखं वास मारत असेल तर जंतू नसतानाही कुपी लगेच काळी पडू शकते. आणि एकदा काळी आली म्हणून विहीर बंद करू नका, एकदा स्वच्छ आली म्हणून पाठही थोपटू नका. तीन कुप्या एकदम लावा. दोन काळ्या तर पाणी उकळून प्या आणि दुसऱ्या दिवशी निर्जंतुक बाटलीत नमुना प्रयोगशाळेत द्या. झालेली कुपी हुंगायची नाही. ब्लीचिंगचं पाणी भरून तासभर मोकळ्या हवेत ठेवायची आणि मग संडासात ओतायची.

पावसाळ्यात ही कुपी सगळ्यांत जास्त कामाला येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी नदीचं सांडपाणी विहिरीत उतरतं. विहिरीवर पाणी चढून गेलं असेल तर आधी ती उपसा, मग ब्लीचिंग पावडर घाला. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, पुरानंतर त्याहून जास्त. पाण्याचं माप असं: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची उंची, गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत आधी तिची लापशी करायची, पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटांनी चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून विहिरीत सोडायचं आणि दोराने वर-खाली करून मिसळायचं. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही. तासाभराने क्लोरीन बघा, ०.५ च्या आसपास हवा. नसेल तर पुन्हा. काळी कुपी मात्र क्लोरीन पूर्ण उतरल्यावर, दोन-तीन दिवसांनी लावा. ब्लीचिंग टाकलेल्या दिवशीची कुपी नेहमीच स्वच्छ येते.

कठीणपणाची थेंबमोजणी लहान मुलांनाही आवडते आणि ती बरीच अचूकही असते. लालसर पाण्यात थेंब टाकत जायचं, जांभळं होत होत ते एका थेंबात स्वच्छ निळं होतं. शेवटचे थेंब सावकाश टाकायचे, प्रत्येकामागे पाच सेकंद हलवून. जांभळ्यावरच अडकलं तर रंग दाखवणारं रसायन जुनं झालेलं असू शकतं. क्लोराइडच्या चाचणीतलं चांदीचं रसायन बोटांना लागलं तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत. तिचा भरवसा तपासायला ०.५ ग्रॅम मीठ एका लिटरात विरघळवा, सुमारे ३०० मिलिग्रॅम क्लोराइड यायला हवा. लोहाची चाचणी पाणी काढल्याबरोबर करा, हवा लागली की लोह गंजून तळाला बसतं. पीएच आणि गढूळपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

चाचणी चांगली असून नमुनाच चुकीचा घेतला, हे फार वेळा घडतं. बोअरची मोटर दहा मिनिटं चालू द्या, हातपंप पन्नासेक वेळा मारा, मगच बाटली धरा. पाइपात रात्रभर साचलेलं पाणी तुमच्या खडकाचं नाही, पाइपाचं असतं. साध्या बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळा, निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळू नका. जंतूंचा नमुना बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. रंग वाचताना सावलीत, दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून वाचा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबी केशरी दिसतो. दोन माणसांनी वेगवेगळा आकडा कागदावर लिहायचा आणि मग जुळवायचा. वाचणाऱ्याला लाल-हिरवा नीट दिसत नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

आणि आता पेटीला जे दिसतच नाही ते. कोराडी-खापरखेडा इथल्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या परिसरातल्या लोकांनी हे मुद्दाम वाचावं. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, पारा यांचे अंश असतात. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतात-नाल्यात गेलं. त्या भागातल्या विहिरीचं पाणी या पेटीत सगळ्या रंगांत पास होऊ शकतं. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, शिशाचीही ०.०१. इतक्या सूक्ष्म प्रमाणाला ही रसायनं पोचत नाहीत. बारा-चौदा रंगांच्या कागदी पट्ट्या ‘शिसं तपासा’ म्हणून विकतात, पण पट्टीवरची पहिली पायरी बहुतेकदा मर्यादेच्या वरच सुरू होते. पाकिटावर ती आधी बघा. जड धातूंसाठी प्रयोगशाळेतून नायट्रिक आम्ल घातलेली बाटली आणावी लागते. आम्ल नसेल तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात कमी दिसतात. मागणीपत्रावर आर्सेनिक, शिसं, पारा, बोरॉन आणि सल्फेट अशी नावं लिहून द्या. ‘पाण्याची पूर्ण तपासणी’ एवढंच लिहिलं तर बऱ्याचदा धातू त्यात नसतात.

भांडेवाडीच्या कचरा डेपोसारख्या ठिकाणाजवळच्या विहिरीला पेटी थोडी मदत करते. कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात क्लोराइड, अमोनिया आणि टीडीएस भरपूर असतात. दर तीन महिन्यांनी त्याच विहिरीचा क्लोराइड लिहून ठेवला आणि तो चढत गेला, तर झिरपणी विहिरीकडे सरकते आहे असं समजायला जागा आहे. इथे एकेका आकड्यापेक्षा वहीतली चढती ओळ जास्त बोलते, आणि तक्रार करताना तीच कामाला येते. वहीत तारीख, विहिरीची ओळख, पाण्याची पातळी, आदल्या आठवड्यातला पाऊस, शिशीची मुदत आणि वाचणाऱ्याचं नाव लिहा. मे अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन वेळा रसायनांसाठी चुकवू नका. पहिल्या पावसात जमिनीवरचं नायट्रेट खाली उतरतं, म्हणून उन्हाळ्यात पास झालेली उथळ विहीर दिवाळीत नापास होऊ शकते.

पेटी ठेवायची कुठे, हा नागपुरात खरा प्रश्न आहे. पत्र्याच्या पंचायत कार्यालयात ४५ अंशांच्या पुढचा उन्हाळा काढलेली पेटी जूनमध्ये विश्वासाला पात्र नसते. घरातल्या सर्वांत गार खोलीत, उजेडापासून लांब, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचीच तर अन्नाच्या फ्रिजमध्ये नको. हातमोजे घाला, आम्लाच्या आणि अमोनियाच्या शिश्या वेगवेगळ्या खाचांत ठेवा. वापरलेलं पाणी विहिरीच्या ओट्यावर किंवा कुंडीत न ओतता एका डब्यात जमा करा, नंतर भरपूर पाण्यासोबत गटारात सोडा. नायट्रेटसाठी जस्ताऐवजी कॅडमियम वापरणारी पेटी मिळाली तर घेऊच नका, कॅडमियम स्वतःच विषारी आहे.

विकत घेताना दुकानदाराकडून पेटी उघडून मागा. बाहेरच्या खोक्यावरची तारीख नव्हे, प्रत्येक शिशीवरची उत्पादनाची तारीख बघा. नायट्रेटची आणि क्लोरीनची शिशी सहा महिन्यांहून जुनी नको. ऑर्थोटोलिडीन तपकिरी झालेलं असेल, जस्ताची भुकटी हलवल्यावर वाहत नसेल किंवा कुपीतला कागद आधीच करडा दिसत असेल, तर ती पेटी परत द्या. शेवटी हेही विचारा की संपलेल्या शिश्या सुट्या मिळतात का. शंभरपैकी नायट्रेट आणि काळ्या कुप्या आधी संपतात आणि क्लोराइड निम्म्याहून जास्त उरतो. सुट्या शिश्या देणाऱ्याकडूनच घ्या, थोडे पैसे जास्त लागले तरी चालतील.